सरोवर कोणाचे? : वर्ड्‌स्वर्थचा ‘सरोवर-मार्गदर्शक’ आणि नंतरचे सरोवर-साहित्य

१

आपल्याकडील शाळांत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांपैकी वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता ज्याने एकदाही शिकविली नाही असा शिक्षक विरळाच असेल. ते फूल आपण पाहिलेले नसते, विद्यार्थ्यांनी तर नाहीच नाही. तथापि शब्दार्थ, अलंकार आणि कवीचे निसर्गप्रेम या तीन पायऱ्या चढून तास संपतो. या सर्व खटाटोपात एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ज्या अल्सवॉटर सरोवराच्या काठी ती फुले डोलत होती ते सरोवर एका विशिष्ट प्रदेशात आहे, त्या प्रदेशात मेंढपाळ व शेतकरी राहतात, तेथे जाण्यास वाटा आहेत. आणि त्या वाटांनी कोणी यावे व कोणी येऊ नये याविषयी इंग्लंडात दीर्घकाळ वाद चालला. त्या वादात स्वतः कवीने भाग घेतला होता आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, त्याने घेतलेली बाजू आपल्या मनातील कविप्रतिमेस शोभण्याजोगी नव्हती.

सरोवरास भेट देणे, त्याच्या काठी हिंडणे, नाव हाकणे, डोंगर चढून वरून पाणी पाहणे या गोष्टी आज करमणुकीत जमा होतात. परंतु या करमणुकीला एक वाङ्मय आहे आणि त्या वाङ्मयात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. प्रस्तुत लेखात वर्ड्‌स्वर्थचा सरोवर-मार्गदर्शक हा गद्यग्रंथ मध्यभागी ठेवून त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

२

वर्ड्‌स्वर्थच्या आधीचे प्रवासी सरोवराकडे कसे पाहत होते हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. थॉमस ग्रे हा कवी १७६९ मध्ये या प्रदेशात हिंडला. त्याची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १७७५ मध्ये, प्रसिद्ध झाली. ग्रेजवळ एक लहानसा, काळसर रंगाचा, किंचित फुगीर आरसा असे. सतराव्या शतकातील चित्रकार क्लॉड याच्या नावाने असे आरसे ओळखले जात, कारण त्यांत पडलेले प्रतिबिंब त्याच्या चित्रांसारखे मंद छटांचे व आटोपशीर दिसे. गंमत अशी की हा आरसा वापरावयाचा तर दृश्याकडे पाठ करावी लागे! असाच आरसा हाती धरून चालत असता ग्रे एकदा चिखलाच्या वाटेवर उताणा पडला व त्याची बोटे खरचटली. सृष्टीकडे पाठ फिरवून तिचे चित्र पाहणाऱ्या एका संपूर्ण पिढीवरील भाष्य म्हणून ही हकीकत पुरेशी आहे.

पुढे थॉमस वेस्ट याने १७७८ मध्ये मार्गदर्शक लिहिला व सरोवर कोणत्या ठिकाणी उभे राहून पाहावे त्या जागा नेमून दिल्या. विंडरमिअरच्या पश्चिम तीरावरील अशा एका जागी १७९० नंतरच्या दशकात एक लहानशी इमारत उभी राहिली व तिच्या खिडक्यांना रंगीत काचा बसविण्यात आल्या. एका काचेतून पाहिले की उन्हाळा दिसावा, दुसरीतून हिवाळा. विल्यम गिल्पिनने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निसर्गाची चित्रदृष्ट्या परीक्षा केली. कोठे झाड हवे होते, कोठे डोंगराची रेषा चुकली, असा त्याचा एकंदर सूर आहे. काही सरोवरांवर प्रतिध्वनी ऐकविण्यासाठी पैसे घेऊन तोफा उडवीत. सरोवर म्हणजे एक रंगमंच, प्रवासी म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक, आणि तेथे राहणारी माणसे म्हणजे पडद्यावर रंगविलेल्या आकृती, अशी त्या काळच्या अभिरुचीची एकंदर व्यवस्था होती.

३

वर्ड्‌स्वर्थचे मोठेपण असे की त्याने ही व्यवस्था मोडली. त्याचा जन्म १७७० मध्ये याच प्रदेशातील कॉकरमथ येथे झाला. १७९९ च्या अखेरीस तो ग्रास्मिअर येथे राहावयास आला आणि मधली थोडी वर्षे इकडेतिकडे घरे बदलली तरी १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो या परिसरातच राहिला. प्रवासी पाहावयास येतो. हा पाहणारा तेथेच राहत होता. त्याचा मार्गदर्शक प्रथम १८१० मध्ये, जोसेफ विल्किन्सन नावाच्या धर्मोपदेशकाच्या चित्रसंग्रहास प्रस्तावना म्हणून, निनावी छापला गेला. १८२० मध्ये तो डडन नदीवरील सुनीतांसोबत आला, १८२२ मध्ये स्वतंत्र पुस्तक झाले आणि १८३५ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला आजचे स्वरूप प्राप्त झाले.

या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. लेखक वाचकास एखाद्या सोयीच्या कट्ट्यावर उभा करीत नाही. तो त्याला ग्रेट गेबल आणि स्कॉफेल या शिखरांच्या दरम्यान अधांतरी, जणू एखाद्या ढगावर, नेऊन ठेवतो आणि तेथून चाकाच्या आऱ्या तुंब्यापासून फाकाव्या तशा चोहोंकडे पसरत गेलेल्या दऱ्या दाखवितो. या एका प्रतिमेने सुटी सुटी दृश्ये एकत्र येतात व प्रदेशाला शरीर प्राप्त होते. मग तो खाली उतरतो आणि घरांविषयी बोलू लागतो. डोंगराच्या कुशीत पांढरीशुभ्र घरे बांधू नयेत, आसपासच्या दगडाशी मिळतामिळता रंग असावा. परकी लार्च झाडे रांगेने लावून डोंगराचा उतार विद्रूप करू नये, असे तो बजावतो. जुन्या काळातील लहान जमीनमालक मेंढपाळांचा समाज कसा स्वतंत्र वृत्तीचा होता आणि तो कसा नाहीसा होत आहे याचे वर्णन तो करतो. येथे सौंदर्य हा माणसांच्या राहणीचा परिणाम आहे असे प्रथमच ठामपणे सांगितले गेले. सरोवर सुंदर दिसते, कारण त्याच्या काठच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे मर्यादेने वास्तव्य केले, हा त्याचा सिद्धान्त.

याच ग्रंथात तो आणखी एक पाऊल पुढे जातो. ज्याला पाहण्याची दृष्टी व आनंद घेण्याचे हृदय आहे अशा प्रत्येकाचा या प्रदेशावर हक्क आहे आणि म्हणून हा प्रदेश एका अर्थी साऱ्या राष्ट्राची मालमत्ता मानावा, अशा आशयाचा विचार तो मांडतो. पुढे १८९५ मध्ये स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट, १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणि १९५१ मध्ये या प्रदेशास मिळालेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा या सर्वांच्या मुळाशी हा विचार असल्याचे इंग्रज लेखक आवर्जून सांगतात, आणि ते यथार्थ आहे.

परंतु त्या विचारातील अट कोणती ते पाहा. हक्क प्रत्येकाचा खरा. मात्र ज्याला दृष्टी आहे, हृदय आहे, अशा प्रत्येकाचा. ती दृष्टी कोणाला आहे हे ठरवावयाचे कोणी?

४

या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ कवीवर १८४४ मध्ये आली. केंडलपासून विंडरमिअरच्या दिशेने लोहमार्ग नेण्याची योजना निघाली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या वर्ड्‌स्वर्थने ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात पत्रे लिहून तिला कडाडून विरोध केला; विरोधाचे एक सुनीतही लिहिले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : डोंगराळ सृष्टीची गोडी उपजत नसते, ती हळूहळू जोपासावी लागते, कारखान्यांतील कामगारांना गाडीत भरून एका दिवसापुरते येथे आणल्याने त्यांना ती गोडी लागणार नाही, उलट येथील एकांत मात्र नष्ट होईल, त्यांनी आपापल्या गावाजवळच्या शेतांतून फिरावे, हेच त्यांच्या हिताचे. विरोधाचा उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये गाडी विंडरमिअरपर्यंत येऊ लागली.

या पत्रांवरून कवीला ढोंगी ठरविणे सोपे आहे आणि तसे पुष्कळांनी केलेही आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. अभिरुची शिक्षणाने घडते हा त्याचा पहिला सिद्धान्त खराच आहे. शिक्षकाने तो नाकारला तर त्याने आपला व्यवसायच नाकारला असे होईल. एकांत ही नाजूक वस्तू आहे, हेही खरे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. गोडी आधी लागावी आणि मग दर्शन घडावे, असा क्रम त्याने लावला. वस्तुतः दर्शनावाचून गोडी लागावी कशी? त्याची स्वतःची गोडी तरी कशी लागली? बालपणी त्याच तळ्यांवर होड्या हाकून, बर्फावर घसरून आणि डोंगरांत मनसोक्त भटकून. ज्या मार्गाने आपण आलो तो मार्ग दुसऱ्यास बंद करून वर त्याला अनधिकारी म्हणणे, हा तर्कातील दोष आहे आणि मनातीलही.

हा दोष मला इतक्या लवकर ओळखता आला याचे कारण सांगितले पाहिजे, कारण ते माझ्या पदरी श्रेय टाकणारे नाही. बडोद्याजवळ आजव्याचा तलाव आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला पाणी पुरविण्यासाठी तो बांधला गेला व आज तेथे लोक सहलीलाही जातात. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल तेथे नेण्याचे ठरले, तेव्हा नववीच्या शेवटच्या तुकडीस मी वगळले. “ती मुले नुसता गोंगाट करतील, त्यांना तेथे पाहावयाचे काय कळणार?” असे शिक्षकांच्या बैठकीत मी म्हणालो आणि कोणी हरकत घेतली नाही. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत १८४४ ची ती पत्रे प्रथमच मुळातून वाचावयास घेतली. वाचता वाचता मी थांबलो. माझेच वाक्य अधिक चांगल्या इंग्रजीत माझ्यासमोर छापलेले होते!

पुढील वर्षी त्या तुकडीतील मुलांना, ती तेव्हा दहावीत होती, घेऊन गेलो. गोंगाट झाला, तो मी नाकारीत नाही. परंतु बांधावर उभे असता एका मुलाने विचारले, “सर, आमच्या नळाला येतं ते हेच पाणी ना?” मी हो म्हणताच तो बराच वेळ काही न बोलता पाण्याकडे पाहत राहिला. आदल्या वर्षीच्या हुशार मुलांनी सूर्यास्तावर निबंध उत्तम लिहिले होते, पण हा प्रश्न त्यांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

५

त्या मुलाच्या प्रश्नाने मला थर्लमिअरकडे नेले. मँचेस्टर शहराच्या वाढत्या वस्तीस शुद्ध पाणी हवे होते. तेथील नगरपालिकेने थर्लमिअर या अरुंद, रम्य सरोवरास धरण घालून त्याची पातळी पन्नासएक फूट चढविण्याचे ठरविले. १८७७ पासून विरोध सुरू झाला. कॉनिस्टन सरोवराकाठी राहणारा रस्किन विरोधकांत होता. तथापि १८७९ मध्ये कायदा संमत झाला आणि १८९४ मध्ये शंभराजवळ मैलांचा प्रवास केवळ उताराच्या बळावर करून ते पाणी मँचेस्टरला पोहोचले. पाणलोटाच्या रक्षणासाठी काठावर परक्या सूचिपर्णी झाडांचे दाट वन लावण्यात आले आणि पुढे अनेक दशके लोकांना तळ्याकाठी जाण्यास मज्जाव राहिला. सरोवराचा हा पालट पाहून हळहळणाऱ्यांत कॅनन रॉन्सली होता. नॅशनल ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी तो एक.

या प्रकरणातील एक तपशील वाङ्मयाच्या अभ्यासकास विसरता येणार नाही. थर्लमिअरच्या काठी एक खडक होता. ग्रास्मिअर व केझिक यांच्या मधल्या वाटेवर वर्ड्‌स्वर्थ, त्याची बहीण डॉरथी, भाऊ जॉन, कोलरिज आणि मेरी व सारा या हचिन्सन भगिनी तेथे भेटत असत. सहाही जणांची आद्याक्षरे त्या खडकावर कोरलेली होती. धरणाच्या कामात तो फुटला. रॉन्सलीने तुकडे गोळा करून जपले आणि १९८४ मध्ये ते ग्रास्मिअर येथे कवीच्या जुन्या घराजवळ पुन्हा जुळविण्यात आले. ज्या कामगारांनी आगगाडीने सरोवराकडे येऊ नये असे कवीस वाटत होते, त्यांच्याच शहरासाठी सरोवर नळावाटे त्यांच्याकडे गेले, आणि जाताना कवीचे नाव फोडून गेले. यात काव्यात्म न्याय पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मँचेस्टरच्या वस्त्यांतील मुलास स्वच्छ पाणी मिळणे ही गोष्ट कोणत्याही खडकापेक्षा श्रेष्ठ आहे. पण म्हणून खडकाचे मोल शून्य ठरत नाही. दोन खऱ्या मूल्यांचा हा कलह होता. ज्या लेखकांनी त्याला सुष्ट-दुष्टांच्या नाटकाचे रूप दिले त्यांचे लेखन आज फिके वाटते.

या कलहाचे गंभीर चित्रण मला आढळले ते सॅरा हॉल या लेखिकेच्या ‘हॉजवॉटर’ (२००२) या कादंबरीत. मँचेस्टरसाठीच हॉजवॉटर सरोवरावर दुसरे धरण झाले. त्याचा कायदा १९१९ चा. १९३० नंतरच्या दशकात मार्डेल हे खेडे त्याखाली गेले. चर्च पाडले गेले आणि तेथील दफनभूमीतील अस्थी अन्यत्र नेण्यात आल्या. कडक अवर्षणात आजही त्या गावच्या भिंती व पूल वर डोकावतात आणि ते पाहण्यास लोक गर्दी करतात. हॉलची नायिका जॅनेट ही तेथील मेंढपाळ-शेतकऱ्याची मुलगी. जॅक लिगेट हा धरणाची वार्ता घेऊन आलेला शहरी अधिकारी. त्या दोघांत निर्माण झालेल्या ओढीमुळे लेखिकेला कोणासही खलपुरुष करता येत नाही, हे या कादंबरीचे बळ. भाषा मात्र ठिकठिकाणी फार सजते. डोंगरी माणसांच्या तोंडच्या तुटक बोलीशेजारी ती सजावट खुपते. तरीही वर्ड्‌स्वर्थने ज्या समाजाच्या ऱ्हासाची सूचना दिली होती त्याचा अखेरचा अंक येथे घराच्या उंबऱ्यातून पाहिलेला आहे. तेथे सहलीस आलेला माणूस भोवतालच्या पाण्याकडे पाहतो. ही कादंबरी त्याला पाण्याखाली पाहावयास लावते.

६

आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ (१९३०) या बालकादंबरीचा विचार येथे केला तर काहींना आश्चर्य वाटेल. मला मात्र वाटते की वर्ड्‌स्वर्थच्या अटीस सर्वांत चांगले उत्तर या पुस्तकाने दिले. विंडरमिअर आणि कॉनिस्टन यांचे मिश्रण करून रॅन्समने एक कल्पित सरोवर रचले आणि चार भावंडांना एका लहान शिडाच्या होडीतून त्यातील बेटावर तळ ठोकण्यास पाठविले. ही मुले सृष्टिसौंदर्यावर क्वचितच बोलतात. वारा कोठून येतो, शीड केव्हा फिरवावे, तंबू ताणण्यास झाड नसेल तर काय करावे, अंधारात बंदराचा मार्ग कळावा म्हणून कंदील कोठे टांगावेत, शेतावरून दूध आणावयास कोणी जावे, यातच ती गुंतलेली असतात. पण पुस्तक संपते तेव्हा वाचकास ते सरोवर तळहातासारखे परिचित झालेले असते. ग्रेचे साधन आरसा होते, वर्ड्‌स्वर्थचे चिंतन. रॅन्समची मुले हातांनी सरोवर ओळखतात. गोडी आधी की दर्शन आधी, हा वाद येथे उरतच नाही. काम करता करता दोन्ही येतात.

या पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. मुलांच्या खेळात मोठी माणसे ‘नेटिव्ह’ ठरतात व ती स्वतः शोधक दर्यावर्दी. भारतीय वाचकास या विनोदातील साम्राज्याचा वास लपत नाही. शिवाय या मुलांचे वडील नौदलात अधिकारी आहेत. होडी आणि दीर्घ सुट्टी त्यांना अनायासे मिळते. मँचेस्टरच्या गिरणीतील मुलास ती कोठून मिळावी? त्या मुलांच्या थोरल्या भावंडांनी दोनच वर्षांनी, २४ एप्रिल १९३२ रोजी, किंडर स्काउट या डोंगराळ माळावर, शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत, मनाई मोडून सामुदायिक प्रवेश केला. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांच्याजवळ होडी नव्हती, पाय होते.

७

मराठी वाचकास सरोवर कोणाचे हा प्रश्न ऐकताच आणखी एक तळे आठवल्यावाचून राहणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले. तेथे प्रश्न तहानेचा व माणुसकीचा होता. इंग्लंडातील वाद बव्हंशी सौंदर्याचा व विश्रांतीचा. दोहोंना एका मापाने मोजणे अनुचित होईल. परंतु महाडने एक तत्त्व असे स्पष्ट केले की ते इंग्रजी वादासही प्रकाश देते : पाण्याजवळ येण्यासाठी माणसाने आपली पात्रता सिद्ध करावयाची नसते.

मग वर्ड्‌स्वर्थच्या एकांताचे काय? तो टाकून द्यावयाचा नाही. विंडरमिअरवर वेगवान यांत्रिक नौकांनी कल्लोळ माजविला, तेव्हा दीर्घ वादानंतर २००५ मध्ये तेथे वेगमर्यादा अंमलात आली. हे बंधन माणसाच्या वर्तनावर आहे, त्याच्या वर्गावर नाही. कोणीही यावे, मात्र हळू यावे. १९७३ च्या जलविषयक कायद्याने तर पाणीपुरवठा करणाऱ्या मंडळांवर आपल्या जलाशयांचा लोकांच्या विरंगुळ्यासाठी उपयोग करून देण्याचेही कर्तव्य टाकले. एकेकाळी काठावर पाऊल टाकू न देणारे जलाशय अशा रीतीने हळूहळू खुले होत गेले. कवीच्या सिद्धान्तातील सत्य, म्हणजे शांततेचे मोल, राखून त्यातील अन्याय गाळता येतो, याची ही उदाहरणे आहेत.

डॅफोडिलची कविता यापुढेही शिकविली जाईल आणि जावीच. फक्त एवढे सांगावे की १५ एप्रिल १८०२ च्या त्या वादळी दिवशी कवी एकटा नव्हता. डॉरथी बरोबर होती. तिने त्या दिवसाची नोंद रोजनिशीत केली, आणि दोन वर्षांनंतर रचलेल्या कवितेत तो एकाकी झाला. कवितेस तो एकांत आवश्यक होता, हे मान्य. पण सरोवराच्या काठी कोणी ना कोणी आपल्याबरोबर असतेच, आणि त्याचीही तेथे जागा असते. आजव्याच्या बांधावर गप्प उभ्या राहिलेल्या त्या मुलाकडून मी हे शिकलो. शिक्षकास शिकण्यास उशीर झाला, इतकेच.